जीवन कोणाचे? आत्महत्या, दयामरण आणि ख्रिस्तसभेची शिकवण



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ तारखेला आपण सर्वजण दफनभूमीत जमलो, कबरींवर फुले वाहिली, मेणबत्त्या लावल्या आणि प्रार्थना केली. गर्दी ओसरल्यावर एक भगिनी आमच्यापाशी आल्या. त्यांच्या तरुण मुलाने काही वर्षांपूर्वी स्वतःचे जीवन संपवले होते. त्या म्हणाल्या, "फादर, सगळ्यांबरोबर माझ्या मुलाच्या कबरीवरही तुम्ही आशीर्वादाचं पाणी शिंपडलं. मग तो देवाघरी आहे असं मी समजू का? त्याच्या मयतीला आलेली एक बाई म्हणाली होती, पूर्वी असल्यांना दफनभूमीत घेत नसत. ते शब्द अजून माझ्या कानातून जात नाहीत."

त्याच आठवड्यात आणखी एक प्रश्न आमच्यापुढे आला. एका बंधूंचे वृद्ध वडील अतिदक्षता विभागात होते. बरेच दिवस व्हेंटिलेटर लावला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की आता सुधारणा होणार नाही, यंत्रामुळे फक्त दिवस लांबत आहेत. घरच्यांनी विचारविनिमय केला आणि यंत्र काढायला संमती दिली. धर्मगुरूंनी येऊन रुग्णाभ्यंग दिला. दुसऱ्या दिवशी वडील शांतपणे गेले. आम्ही सांत्वनाला घरी गेलो तेव्हा तो मुलगा म्हणाला, "फादर, कागदावर सही माझी आहे. बाबांना मी मारलं का?"

दोन्ही घरच्यांच्या परवानगीने, कोणाची ओळख पटणार नाही अशा रीतीने आम्ही हे लिहीत आहोत. हे प्रश्न त्या दोघांचेच नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या, म्हणजे आपल्या राज्यात दररोज सरासरी ६२. व्हेंटिलेटरचा प्रश्न तर आज जवळजवळ प्रत्येक घराच्या दारात उभा आहे. म्हणून या रविवारी आपण ख्रिस्तसभेची शिकवण शांतपणे समजून घेऊ या.

जीवन ही देणगी आहे

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांचा एक धडा होता. आत्महत्या अयोग्य का, याची तीन कारणे या तेराव्या शतकातील विद्वान संताने दिली आहेत. पहिले कारण असे की प्रत्येक जीव स्वभावतःच स्वतःला जपतो, आणि स्वतःवर प्रेम करणे हाही प्रीतीच्या आज्ञेचा भाग आहे. दुसरे असे की माणूस एकटा नसतो. तो कुटुंबाचा आणि समाजाचा घटक असतो. त्याच्या जाण्याने त्या सर्वांची हानी होते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. जीवन ही परमेश्वराने दिलेली देणगी आहे. आपण तिचे मालक नाही, विश्वस्त आहोत. शेत ज्याने कसायला दिले त्याला न विचारता ते कोणी मोडून टाकत नाही, तसेच हे आहे.

त्यांच्याही आधी संत ऑगस्टीन यांनी हा विषय हाताळला होता. इ. स. ४१० मध्ये रोम शहर लुटले गेले तेव्हा अत्याचाराच्या भीतीने काही स्त्रियांनी स्वतःचा अंत केला. त्या वेळी ऑगस्टीन यांनी दाखवून दिले की खून करू नये ही पाचवी आज्ञा फक्त शेजाऱ्यापुरती नाही. त्या आज्ञेत शेजाऱ्याचा उल्लेखच नाही. ती आपल्या स्वतःच्या जिवालाही लागू आहे. अत्याचार सोसलेल्या स्त्रीकडे कोणताही दोष जात नाही, मग तिने स्वतःला शिक्षा का करावी, असा त्यांचा सवाल होता.

येथे काहीजण विचारतील, मग हुतात्म्यांचे काय? आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानमध्ये नागासाकी येथे क्रुसावर मरण पावले. तेही मरणाला सामोरे गेलेच ना? होय, पण त्यांनी मरण शोधले नाही. त्यांनी श्रद्धा सोडली नाही, म्हणून इतरांनी त्यांना मारले. जीव ओवाळून टाकणे वेगळे आणि जीव नकोसा होऊन तो फेकून देणे वेगळे.

पवित्र शास्त्र काय सांगते?

बायबलमध्ये आत्महत्येचे काही प्रसंग आले आहेत. शौल राजा आणि त्याचा शस्त्रवाहक, दावीदाविरुद्ध कट करणारा अहिथोफेल, आणि यहुदा इस्कार्योत हे आपल्याला ठाऊक आहेत. या प्रसंगांचे बायबल कौतुक करीत नाही. पण आणखी एक गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. शौलाच्या मृत्यूनंतर याबेश-गिलादचे शूर लोक रात्रभर चालत गेले. शत्रूने विटंबना केलेला त्याचा देह त्यांनी परत आणला, त्याच्या अस्थी सन्मानाने पुरल्या आणि सात दिवस उपास केला (१ शमुवेल ३१). ज्या दावीदाचा शौलाने छळ केला होता, त्या दावीदानेच त्याच्यासाठी शोक केला. अहिथोफेललाही त्याच्या पित्याच्या कबरीत जागा मिळाली (२ शमुवेल १७:२३). म्हणजे कृत्य चुकीचे असूनही बायबलमधील या माणसांना दफन नाकारले गेले नाही आणि त्यांच्यासाठी रडायला कोणी लाजले नाही.

मरण मागणारी देवाची माणसेही बायबलमध्ये आहेत. ईयोब, यिर्मया आणि योना यांनी आपल्या जन्माला दोष दिला किंवा मरण मागितले. थोर संदेष्टा एलिया रानात एका झुडुपाखाली बसला आणि आता पुरे झाले, माझा प्राण घे, असे देवाला म्हणाला (१ राजे १९). यावर परमेश्वराने काय केले? त्याने एलियाला रागावले नाही, उपदेशही केला नाही. त्याने देवदूताकरवी भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे पाठवले. एलिया जेवला आणि झोपला. देवदूताने त्याला पुन्हा उठवून खायला लावले, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची होती. खचलेल्या माणसाशी कसे वागावे याचा हा देवाने घालून दिलेला धडा आहे. आधी भाकर, विश्रांती आणि सोबत. बोलणे त्यानंतर, डोंगरावर गेल्यावर.

यहुदा आणि पेत्र या दोघांनीही एकाच रात्री प्रभूला दगा दिला. दोघांनाही पश्चात्ताप झाला. पेत्र रडला आणि पुढे इतर शिष्यांमध्ये परत आला. यहुदा ज्यांच्याकडे गेला त्यांनी त्याला सांगितले की तुझे तू पाहून घे (मत्तय २७:४). हे उत्तर मंदिरातील याजकांनी दिले होते. आम्हा धर्मगुरूंना ते वाचताना नेहमी भीती वाटते. आपल्याकडे आलेल्या कोणाला आपणही कधी असेच उत्तर दिले नाही ना?

दिले आहे. आमची नुकतीच दीक्षा झाली होती. एका पित्याने आम्हाला आपल्या मुलीबद्दल हाच प्रश्न विचारला होता. आम्ही त्याला संत थॉमस यांची तीन कारणे व्यवस्थित समजावून सांगितली. त्याने मान खाली घालून सर्व ऐकले, 'बरं फादर' म्हटले आणि पुन्हा तो विषय आमच्याजवळ कधी काढला नाही. सांगितले ते खोटे नव्हते. पण त्या माणसाला त्या दिवशी भाकरीची गरज होती आणि आम्ही त्याला पाठ दिला.

कृत्य आणि कर्ता

आता त्या आईच्या प्रश्नाकडे वळू. नीतिशास्त्रात कृत्य आणि कर्ता यांचा वेगवेगळा विचार करावा लागतो. आत्महत्या हे कृत्य गंभीररीत्या चुकीचे आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण बदललेली नाही. पण प्राणघातक पाप घडण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. बाब गंभीर असावी लागते, तिची पूर्ण जाण असावी लागते आणि मनाची मोकळी संमती असावी लागते. जो माणूस खोल नैराश्यात बुडालेला आहे, दारूने किंवा आजाराने ज्याचे मन पोखरले आहे, कर्जाच्या आणि अपमानाच्या धास्तीने ज्याला कितीतरी रात्री झोप नाही, त्याची संमती कितपत मोकळी असते? जळत्या घराच्या खिडकीतून उडी घेणाऱ्याला मरायचे नसते. त्याला आगीतून सुटायचे असते. त्याचे निवडस्वातंत्र्य किती उरले होते हे फक्त परमेश्वराला ठाऊक.

म्हणूनच १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिकवण ग्रंथात (क्र. २२८० ते २२८३) दोन्ही बाजू सांगितल्या आहेत. आपण जीवनाचे मालक नाही हे तेथे ठामपणे म्हटले आहे. त्याचबरोबर गंभीर मानसिक विकार, तीव्र यातना किंवा संकटाची मोठी भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते हेही म्हटले आहे. अशा व्यक्तींच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, कारण केवळ परमेश्वरालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते, असे तो ग्रंथ शिकवतो.

मग त्या बाईचे म्हणणे खोटे होते का? पूर्णपणे नाही. १९१७ च्या धर्मसंहितेत, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याचा नियम होता. अशा कृत्याला समाजात मान मिळू नये, हा त्यामागचा हेतू होता. मात्र त्या शिक्षेचा भार मेलेल्यापेक्षा जिवंतांनी, विशेषतः आईवडिलांनी, पत्नीने आणि मुलांनी अधिक वाहिला हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. मानसिक आजारांविषयीचे ज्ञान वाढत गेले. १९८३ च्या नव्या धर्मसंहितेत दफनविधी नाकारण्याच्या कारणांमधून आत्महत्या वगळण्यात आली. आज अशा व्यक्तीचा दफनविधी होतो, तिच्यासाठी मिस्सा अर्पण होते आणि दफनभूमीत तिला इतरांच्या शेजारी जागा मिळते. ही मेहेरबानी नाही, हा ख्रिस्तसभेचा नियम आहे. मयतीच्या घरी कुजबुजणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा ही नम्र विनंती.

आर्सचे धर्मगुरू संत जॉन व्हियानी यांच्याविषयी एक आठवण सांगतात. एका विधवेच्या पतीने पुलावरून नदीत उडी घेऊन जीव दिला होता. तो नरकात गेला या विचाराने ती झुरत होती. संत व्हियानी तिची ओळख नसताना तिच्यापाशी गेले आणि तिला म्हणाले की तो वाचला आहे, पुलाचा कठडा आणि पाणी यांच्यामध्ये त्याला पश्चात्ताप करायला वेळ मिळाला. कठडा आणि पाणी यांत अंतर किती? एका श्वासाचे. आपल्याला तो क्षण दिसत नाही, देवाला दिसतो.

त्या भगिनींना आम्ही एवढेच सांगितले, "तुमचा मुलगा कुठे आहे याचा निकाल आमच्या हाती नाही आणि त्या बाईच्या हाती तर मुळीच नाही. ज्या प्रभूने शेवटच्या घटकेला चोराला जवळ केले त्याच्या हाती तो आहे. आशा धरा. त्याच्या नावाने मिस्सा सांगा. त्या मिस्सेला आम्ही स्वतः उभे राहू."

दयामरण म्हणजे काय?

असाध्य आजाराने ग्रासलेल्या माणसाच्या वेदना संपवण्यासाठी त्याचा मृत्यू घडवून आणणे म्हणजे दयामरण. तो इंजेक्शन देऊन घडवला काय किंवा आवश्यक ती शुश्रूषा मुद्दाम बंद करून घडवला काय, हेतू मृत्यूचाच असेल तर ते दयामरणच ठरते. नेदरलँड्स आणि बेल्जियम या देशांनी २००२ साली त्याला कायद्याने मुभा दिली, कॅनडाने २०१६ साली. कॅनडात सुरुवातीला मृत्यू जवळ आलेल्यांपुरतीच ही मुभा होती. २०२१ मध्ये ती ज्यांचा मृत्यू जवळ नाही अशा दीर्घ आजारी व अपंग व्यक्तींनाही देण्यात आली. भारतात इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणे आजही गुन्हा आहे.

बायबलमध्ये याचाही एक प्रसंग आहे. शौलाच्या मृत्यूची बातमी घेऊन एक अमालेकी तरुण दावीदाकडे आला. राजा जखमी होऊन तडफडत होता, त्यानेच विनंती केली म्हणून मी त्याला मारले, असे त्याने सांगितले (२ शमुवेल १). त्याला बक्षिसाची अपेक्षा असावी. दावीदाने मात्र त्याला दोषी ठरवले, कारण त्याने देवाच्या अभिषिक्तावर हात उचलला होता. प्रिय बंधूभगिनींनो, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या प्रत्येकाला पवित्र तेल लावले गेले आहे. खाटेवर पडलेली आपली आजी अभिषिक्त आहे. तिच्या विनंतीवरूनही तिच्या जिवावर हात उचलण्याचा अधिकार कोणाला नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ मार्च १९९५ च्या 'जीवनाचे शुभवर्तमान' या विश्वपत्रात दयामरण हे देवाच्या नियमाचे गंभीर उल्लंघन असल्याचे घोषित केले. खरी दया दुसऱ्याच्या दुःखात वाटेकरी होते, ज्याचे दुःख आपल्याला सोसवत नाही त्याला ती मारत नाही, असा त्यांच्या शिकवणीचा आशय आहे. वृद्ध माणूस "मला आता सोडवा" असे म्हणतो तेव्हा त्याला बहुधा काय म्हणायचे असते? मी तुम्हाला ओझे झालो आहे का, हा त्याचा खरा प्रश्न असतो. त्याला 'हो' असे उत्तर मिळता कामा नये.

मारणे आणि मरू देणे

पण जीवन पवित्र आहे म्हणून कोणत्याही किमतीवर ते लांबवत राहायचे, असे ख्रिस्तसभा म्हणते का? नाही. येथे अनेकांचा गोंधळ होतो.

२४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञ डॉक्टरांपुढे भाषण करताना सांगितले की जीवन जपण्यासाठी सामान्य उपाय करणे आपले कर्तव्य आहे, असामान्य उपाय करणे बंधनकारक नाही. ५ मे १९८० च्या दयामरणाविषयीच्या व्हॅटिकनच्या घोषणापत्राने हे अधिक स्पष्ट केले. उपचारांतून मिळणारा लाभ आणि त्यांचा त्रास, धोका व खर्च यांचे प्रमाण पाहावे. मृत्यू अटळ आणि अगदी जवळ आला असेल, तर जे उपचार केवळ अनिश्चित व कष्टमय आयुष्य लांबवतात ते सद्सद्विवेकाने नाकारता येतात. कुटुंबावर फार मोठा खर्च पडू नये ही इच्छाही त्या घोषणापत्राने योग्य मानली आहे. म्हणून वाडी विकून, मुलांचे शिक्षण थांबवून, उपयोग नसलेले उपचार चालू ठेवलेच पाहिजेत असे ख्रिस्तसभा कोणावर लादत नाही.

याचे उदाहरण स्वतः पोप जॉन पॉल दुसरे यांनी घालून दिले. २००५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्यावर रुग्णालयात उपचार झाले, श्वासासाठी घशाची शस्त्रक्रियाही झाली. मार्चच्या अखेरीस प्रकृती ढासळली तेव्हा मात्र ते पुन्हा रुग्णालयात गेले नाहीत. आपल्या निवासातच, प्रार्थना करणाऱ्या सहकाऱ्यांमध्ये, २ एप्रिल रोजी त्यांनी देह ठेवला. दयामरणाला इतका ठाम विरोध करणाऱ्या माणसाने मृत्यूचा असा स्वीकार केला.

तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. "नाही, तू बाबांना मारले नाहीस. त्यांना आजाराने नेले. तू फक्त आडवा उभा राहायचे थांबलास. त्यांचा हात तू शेवटपर्यंत सोडला नाहीस." हे ऐकून तो बराच वेळ रडला.

या संदर्भात तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. वेदनाशामक औषधे. प्रभूने क्रुसावर गंधरस मिसळलेला द्राक्षारस घेतला नाही, म्हणून आपणही मॉर्फिन नाकारावे असे काही भाविकांना वाटते. वेदना प्रभूला अर्पण करणे हे पुण्य आहे, पण ती सक्ती नाही. वेदना कमी करण्याच्या हेतूने औषध दिले आणि त्यामुळे आयुष्य थोडे कमी होण्याची शक्यता असली, तरी ते देता येते. शिक्षा म्हणून कोणाला तळमळत ठेवू नये.

२. अन्न आणि पाणी. हे औषध नाही, ही शुश्रूषा आहे. नळीने द्यावे लागले तरी, शरीर ते स्वीकारत आहे तोवर ते देणे हे तत्त्वतः कर्तव्य आहे, असे व्हॅटिकनने २००७ मध्ये स्पष्ट केले.

३. कायदा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी निरर्थक उपचार थांबवण्यास आणि त्याविषयी आधी लेखी इच्छापत्र करून ठेवण्यास मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते प्रमाणित करून घेता येते. असे पत्र करण्यास हरकत नाही. मात्र त्यात अन्नपाणी तोडण्याची किंवा मरण घडवण्याची मागणी असू नये. श्रद्धा जाणणाऱ्या जवळच्या माणसाचे नाव त्यात घालावे आणि धर्मगुरूंना बोलावण्याची सूचना लिहावी.

परळची एक खाट

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. १९७३ मधील हल्ल्यानंतर त्या खाटेला खिळल्या. त्यांना मरण द्यावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती नाकारली. त्या वेळी तेथील परिचारिकांनी अरुणा आमचीच आहे, आम्ही तिला सांभाळू, अशी भूमिका घेतली होती. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही याची न्यायालयाने आवर्जून दखल घेतली. १८ मे २०१५ रोजी न्युमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. जवळजवळ ४२ वर्षे पाळीमागून पाळी बदलत राहिली, निवृत्त झालेल्यांची जागा नव्यांनी घेतली, पण अंग पुसणारे आणि भरवणारे हात थांबले नाहीत. त्या परिचारिका वेगवेगळ्या धर्मांच्या होत्या. जीवन पवित्र आहे हे त्यांनी आम्हा सर्व धर्मगुरूंपेक्षा सोप्या भाषेत शिकवले.

आपल्या जवळच, बांद्रा येथे, १९८६ साली डॉ. लुईस डिसोजा यांच्या पुढाकाराने शांती अवेदना सदन सुरू झाले. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांसाठी हे भारतातील पहिले केंद्र. तेथे आजार बरा होत नाही, पण वेदना आवरली जाते आणि रुग्ण एकटा मरत नाही. दयामरणाला ख्रिस्ती उत्तर कोणते असे कोणी विचारले तर त्याला तेथे न्यावे.

आपण काय करावे?

कोणी मरणाची भाषा करीत असेल तर ते थट्टेवारी नेऊ नका. नुसता उपदेशही करू नका. "तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?" असे प्रेमाने, सरळ विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही, उलट मनावरचा भार हलका होतो. त्याला एकटे सोडू नका. डॉक्टरांकडे घेऊन जा. नैराश्य हा आजार आहे. त्याला प्रार्थना हवी आणि औषधही हवे. मधुमेहाला गोळी घेताना आपली श्रद्धा कमी होत नाही, तसेच येथेही. सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे.

घरात कोणी असा प्रयत्न केला असेल तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि जुन्या दंडसंहितेतील सर्वसाधारण शिक्षेचे कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेले नाही. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात स्वतःविषयी असे विचार घोळत असतील, तर आजच कोणाला तरी सांगा. धर्मगुरूंच्या घराची घंटा मध्यरात्रीही वाजवता येते. आम्हाला झोपेतून उठवल्याचा कोणताही अपराध तुमच्या नावावर जमा होणार नाही.

शेवटी फिलिप्पै येथील तुरुंगाची आठवण करू या (प्रेषितांची कृत्ये १६). भूकंपाने तुरुंगाची दारे उघडली. कैदी पळाले असे समजून, आता आपली धडगत नाही या भीतीने, तुरुंगाधिकाऱ्याने तलवार उपसली. तो स्वतःवर वार करणार एवढ्यात आतल्या काळोखातून पौलाने मोठ्याने ओरडून सांगितले की स्वतःला काही इजा करून घेऊ नकोस, आम्ही सगळे येथेच आहोत. ज्याने पौलाच्या पायांत खोडा अडकवला होता त्यालाच पौलाने वाचवले. त्या रात्री त्या अधिकाऱ्याने पौलाच्या जखमा धुतल्या, त्याला घरी नेऊन जेवू घातले आणि सहकुटुंब बाप्तिस्मा घेतला.

काळोखात बसलेल्या माणसाला कोणीतरी येथे आहे हे ऐकू आले पाहिजे. ख्रिस्तसभेची या विषयावरील सगळी शिकवण, तिचा नकार आणि तिची करुणा, यासाठीच आहे. आपल्या धर्मग्रामात तो आवाज कोण देणार?

लहान ख्रिस्ती समूहात चिंतनासाठी

१. आपल्या वाडीत अंथरुणाला खिळलेले किती जण आहेत? त्यांना शेवटचे भेटायला आपण कधी गेलो होतो?

२. आत्महत्येमुळे दुःखी झालेल्या कुटुंबाशी आपण कसे वागलो? कोणाची क्षमा मागायची राहिली आहे का?

३. आपल्या अखेरच्या आजारात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, याविषयी आपण घरी कधी बोललो आहोत का?

प्रार्थना

हे दयाळू प्रभू, ज्यांना जगणे असह्य झाले आणि जे आमच्या नकळत निघून गेले, त्यांना तुझ्या जखमांमध्ये आसरा दे. त्यांच्या मातापित्यांच्या मनातील बोच काढून टाक. रुग्णशय्येवरील आमच्या बंधूभगिनींना वेदनेतून विसावा दे. त्यांच्या उशाशी जागणाऱ्यांना बळ दे. आणि कोणी काळोखात एकटा असेल तर त्याच्यापर्यंत पोहोचायला आमचे पाय चालव. आमेन.

येत्या शुक्रवारची सायंकाळची मिस्सा अशा सर्व मृतांसाठी अर्पण करण्यात येईल. ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून वेदीजवळच्या पेटीत टाकावे. मृत्यू कसा झाला हे लिहिण्याची गरज नाही.

आपलेच,
धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू